उंबरठ्याशी थांबलेली चाके

रुग्णालयातून रुग्णाला घरी सोडताना हातात एक कागद दिला जातो. त्यावर गोळ्यांची नावे असतात, त्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर ते असते, पुन्हा कधी दाखवायला यायचे त्याची तारीख असते. घराच्या दाराची रुंदी मात्र त्या कागदावर कुठेच नसते. ती कुणी विचारतही नाही.

साधी व्हीलचेअर बाहेरून बाहेर मोजली तर साधारण ६५ सेंटिमीटर रुंद भरते. चाक फिरवणाऱ्याची बोटे आणि कोपरे धरले, तर तिला ७५ ते ८० सेंटिमीटर मोकळी वाट लागते. आपल्याकडच्या जुन्या घरांत आणि कमी किमतीच्या सदनिकांत संडास-बाथरूमचे दार दोन ते अडीच फुटांचे, म्हणजे ६० ते ७५ सेंटिमीटरचे असते. त्यातून चौकट आणि उघडलेल्या दाराची जाडी वजा केली की आणखी कमी. हिशेब सरळ आहे: चाके दाराशी येऊन थांबतात. पुढचे तीन-चार पावलांचे अंतर माणसाला उचलून न्यावे लागते, नाहीतर त्याला फरशीवरून सरपटत जावे लागते. दिवसातून पाच-सहा वेळा, वर्षानुवर्षे.

सीमेवर पाठीच्या कण्याला गोळी किंवा स्फोटाचा तुकडा लागलेला जवान, डोंगरी रस्त्यावर गाडी दरीत कोसळून जखमी झालेला जवान आज वाचतो. त्याच्यासाठी हेलिकॉप्टर उडते, शल्यचिकित्सक रात्रभर उभे राहतात, महिनोन् महिने उपचार चालतात. आणि मग तो घरी येतो. ज्याला वाचवायला एवढी यंत्रणा राबली, तो दहा-पंधरा सेंटिमीटरपायी पुन्हा रुग्णालयात दाखल होतो, हे परवडणारे नाही. देशाला नाही आणि त्याच्या कुटुंबाला तर नाहीच.

घर हा आरोग्याचा विषय कसा?

महाराष्ट्राला सैनिकी परंपरा नवी नाही. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घरात एक तरी माणूस फौजेत आहे किंवा होता, असे वाडे आणि वस्त्या ठिकठिकाणी आहेत. या माणसांबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. साधा जवान निवृत्त होतो तो बहुधा पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान. म्हणजे ‘माजी सैनिक’ हे नाव लागल्यावर तो आणखी तीस-चाळीस वर्षे जगणार असतो, आणि त्यातली बहुतेक वर्षे त्याच एका घरात.

निवृत्तीच्या वेळी तो तगडा असतो. घराचा आराखडा गवंड्याला किंवा बिल्डरला सांगताना गुडघ्यांचा विचार त्याच्या मनात येत नाही. पण पाठीवर वजन घेऊन वर्षानुवर्षे डोंगर चढलेले गुडघे आणि कंबर लवकर कुरकुरू लागतात. तोफखान्यात, दारूगोळ्याजवळ काढलेल्या वर्षांची किंमत कान मोजतात: ऐकू कमी येते, कानात सतत आवाज येत राहतो. अमेरिकेत माजी सैनिकांना ज्या सेवाजन्य व्याधींसाठी भरपाई मिळते, त्यांत कानातला आवाज आणि बहिरेपण अग्रभागी आहेत. अतिउंचीवरच्या थंडीत हिमदंश झालेल्यांची बोटे कापावी लागतात. पन्नाशीत मधुमेह आला की पायांची संवेदना कमी होते. घर तेच राहते, माणूस बदलतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरे आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दाटीवाटी, घरातली थंडी व उष्णता, घरातले अपघात आणि अपंगांसाठी घराची सुलभता हे त्यातले मुख्य विषय. याच संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत मोठे. पडण्याचे ठिकाण अनेकदा आपल्याच घरातले असते: ओली बाथरूम, अंधारी पायरी, घडी पडलेली चटई.

तीन शतकांचा अनुभव

युद्धाहून परतलेल्या माणसाला कुठे ठेवायचे, हा प्रश्न राजांनाही पडला होता. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० मध्ये पॅरिसमध्ये जखमी व वृद्ध सैनिकांसाठी ‘अँव्हालीद’ उभारण्याचा हुकूम काढला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ मध्ये लंडनला चेल्सीच्या ‘रॉयल हॉस्पिटल’ची स्थापना केली. त्याचा आराखडा ख्रिस्तोफर रेन या नामांकित वास्तुरचनाकाराचा. त्याने जिन्याच्या पायऱ्या मुद्दाम कमी उंचीच्या ठेवल्या, म्हाताऱ्या शिपायांना चढताना दम लागू नये म्हणून. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी पायरीची उंची मोजताना चढणाऱ्याच्या गुडघ्याचा विचार केला होता.

पण त्याच इमारतीत प्रत्येक शिपायाची खोली होती अवघी सहा फूट बाय सहा फूट. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती नऊ फूट झाली, आणि स्वतंत्र संडास-बाथरूम मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. ही व्यवस्था एकट्या पुरुषासाठी होती. बायको-मुलांचा विचार त्यात नव्हता. बराक संपली तरी बराकीतले जगणे संपत नव्हते.

पहिल्या महायुद्धाने हे चित्र बदलले. हात-पाय गमावलेले तरुण लाखांनी परतले, आणि त्यांना संसार होते. लंडनचे नाट्यगृहमालक ऑस्वल्ड स्टोल यांनी १९१६ मध्ये फुलहॅम भागात अपंग सैनिकांना कुटुंबासह राहता येईल अशा सदनिकांचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी पाकिटांवर चिकटवायची छोटी तिकिटे विकून लोकांकडून पैसे जमवले. १९१७ मध्ये उद्यानरचनाकार थॉमस मॉसन यांनी अपंग सैनिकांसाठी स्वतंत्र गावे वसवण्याची कल्पना पुस्तकरूपाने मांडली. त्यातून इंग्लंडच्या उत्तरेकडील लँकेस्टर शहराजवळ ‘वेस्टफील्ड’ हे स्मारक-गाव उभे राहिले. स्थानिक उद्योजक घराण्याने जमीन दिली आणि १९२४ मध्ये गावाचे रीतसर उद्घाटन झाले. दगडी स्मारकावर पैसे खर्च करण्याऐवजी घरेच स्मारक म्हणून बांधली. झाडीतून वळणे घेत जाणारे रस्ते, छोटी घरे, प्रत्येकाला बाग, आणि मधोमध जखमी सोबत्याला पाणी पाजणाऱ्या सैनिकाचा पुतळा. शंभर वर्षांनंतरही तिथे माजी सैनिकांची कुटुंबे राहतात.

आपल्याकडेही याच काळात सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांना हाताला काम मिळावे म्हणून १९१७ मध्ये ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. ती आज पुण्याजवळ खडकीला आहे. १९७४ मध्ये खडकीलाच मज्जारज्जूला दुखापत झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. तिथे रुंद दारे, उतार आणि व्हीलचेअरवरून खेळायची मैदाने आहेत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. शरीराचा अर्धा भाग साथ देत नसताना माणूस काय करू शकतो, याचे हे आपल्या मातीतले उदाहरण. पण अशा केंद्राच्या जागा मोजक्या असतात. बाकीच्यांना घरीच जायचे असते, आणि जायलाही हवे.

कातडी, मूत्राशय आणि ऊन

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जू तुटलेले बहुतेक सैनिक काही महिन्यांत किंवा दोन-तीन वर्षांत दगावत. जखमेमुळे नव्हे, बेडसोअर आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गामुळे. १ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमध्ये स्टोक मॅन्डेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी खास विभाग सुरू केला आणि नियमाने कूस बदलणे, मूत्राशयाची काळजी, व्यायाम आणि खेळ यांच्या बळावर हे मरण टाळता येते हे दाखवून दिले. आज हे ज्ञान सगळीकडे आहे. प्रश्न आहे तो ते घरात पाळता येते का, याचा.

कातडीचे पाहू. संवेदना गेलेल्या भागावर सतत दाब राहिला की रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत पेशी मरू लागतात. त्याहून वाईट म्हणजे घासणे. फरशीवरून सरपटताना वरची कातडी एका दिशेला आणि आतले हाड दुसऱ्या दिशेला सरकते. मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळवटतात. वरून नुसती लाली दिसते, आत खड्डा झालेला असतो. अशी जखम भरायला महिने लागतात, आणि ती हाडापर्यंत गेली तर जंतुसंसर्ग जिवावर बेततो. म्हणून अरुंद दार ही गैरसोय म्हणून सोडून देण्याची बाब नाही. ते जखमेचे थेट कारण ठरते.

मूत्राशयाचेही तसेच. अशा रुग्णाला दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढावी लागते. त्यासाठी हात धुवायला नळ, चांगला उजेड, टेकून बसायची जागा आणि दार लावून घेता येईल असा आडोसा हवा. हे नसेल तर माणूस काय करतो? पाणी कमी पितो. कुणाला हाक मारायची, कुणाला उठवायचे, यापेक्षा तहान मारलेली बरी, असे त्याला वाटते. परिणाम ठरलेले आहेत: मुतखडे, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ. दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर मूत्राशय तुंबल्याबरोबर रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीला जाऊ शकतो. डोके फुटेल असे दुखणे आणि चेहऱ्यावर घाम ही त्याची खूण. अशा वेळी त्याला उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, नळी तुंबली असेल तर मोकळी करावी आणि तातडीने डॉक्टरांना गाठावे.

तिसरी गोष्ट ऊन. मज्जारज्जूला वरच्या बाजूला दुखापत झाली की त्याखालच्या शरीराला घाम येत नाही. घाम नाही म्हणजे शरीर थंड करायचा मार्गच बंद. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढणे हे धडधाकट माणसालाही जड जाते. या रुग्णाला ते उष्माघाताकडे नेते. छताला पांढरा रंग किंवा चुन्याचा लेप, पत्र्याखाली आडोसा, समोरासमोर खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीवर सावली देणारी वेल किंवा झाड हे त्याच्यासाठी औषधाइतकेच गरजेचे. आणि अंघोळीचे पाणी: पायाला कढत लागत नाही, म्हणून भाजलेले कळत नाही. बंबातले किंवा सोलरचे पाणी आधी बादलीत गार पाण्यात मिसळून, संवेदना शाबूत असलेल्या कोपराने तपासूनच अंगावर घ्यावे.

मोजमापे, जी गवंड्याला सांगायला हवीत

चांगल्या घरासाठी फार मोठे घर लागत नाही. लागते ती नेमकी मापे.

पहिले दार. घरातली सगळी दारे, विशेषतः बाथरूमचे, ९० सेंटिमीटर मोकळे असावे. बाथरूमचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत कुणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते.

दुसरा उतार. नियम असा की जितकी उंची चढायची, त्याच्या किमान बारापट लांबीचा रॅम्प हवा. जोत्याला तीन पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची. तर रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटरचा. म्हणजे जवळजवळ अठरा फूट. अनेक ठिकाणी हा हिशेब न करता चार फुटांची सिमेंटची घसरगुंडी करून देतात. तिच्यावरून व्हीलचेअर वर जात नाही, आणि खाली येताना थांबत नाही. जागा कमी असेल तर रॅम्प भिंतीच्या कडेने काटकोनात वळवावा, वळणावर सपाट जागा ठेवावी, दोन्ही बाजूंना कठडा द्यावा. पाणी शिरण्याची भीती नसेल तिथे जोतेच कमी उंचीचे धरणे सर्वांत स्वस्त.

तिसरी वळायची जागा. व्हीलचेअर पूर्ण फिरवायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. ते निदान तीन ठिकाणी मिळावे: झोपायच्या खोलीत, बाथरूममध्ये आणि स्वयंपाकघरात.

चौथी उंची. पलंग, व्हीलचेअर आणि कमोड यांची बसण्याची उंची जवळपास सारखी, ४५ ते ५० सेंटिमीटर असली की माणूस हातांच्या जोरावर एकावरून दुसऱ्यावर सरकू शकतो. उंचीत फरक असेल तर उचलणारा माणूस लागतो, आणि तो माणूस बहुधा त्याची बायको असते. तिच्या कमरेचा एक्स-रे काढला तर घराचा आराखडा त्यात वाचता येईल. कमोडच्या एका बाजूला सरकायला जागा ठेवावी, दुसऱ्या बाजूच्या भिंतीत आधाराची दांडी पक्क्या विटेत रोवावी. टाइलवर नुसत्या स्क्रूने धरलेली दांडी ऐन वेळी हातात येते.

पाचवा उंबरठा. बाथरूमचे पाणी बाहेर येऊ नये म्हणून आपण कडप्प्याचा उंबरठा घालतो. त्याऐवजी आतल्या फरशीला जाळीकडे नीट उतार दिला तर उंबरठ्याची गरजच उरत नाही. फरशी खरबरीत घ्यावी. चकचकीत टाइल पाहुण्यांना आवडते; ओल्या पायांना नाही.

स्वयंपाकाच्या ओट्याचा काही भाग खालून मोकळा आणि थोडा कमी उंचीचा ठेवला तर बसूनही भाजी चिरता येते. दिव्याची बटणे आणि कड्या बसलेल्या माणसाच्या हाताला येतील अशा लावाव्यात. ऐकू कमी येणाऱ्यासाठी दारावरच्या घंटीबरोबर दिवा लागावा. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा.

या किरकोळ वाटणाऱ्या बदलांचा उपयोग होतो का? न्यूझीलंडमधल्या तारानाकी भागात ८४२ घरांवर याचा अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या घरांत कठडे, आधाराच्या दांड्या, बाहेरचे दिवे, न घसरणारे पृष्ठभाग आणि पायऱ्यांच्या कडा ठळक करणे एवढेच केले, तिथे घरात पडून होणाऱ्या दुखापती २६ टक्क्यांनी कमी झाल्या. एखादे नवे औषध इतका फरक पाडते तेव्हा त्याची जाहिरात होते. आधाराच्या दांडीची होत नाही.

जखम दिसत नाही तेव्हा

सगळ्या जखमा व्हीलचेअरवर बसलेल्या नसतात. लढाई, स्फोट, सोबत्याचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिलेल्या काहींना आघातोत्तर तणावाचा विकार जडतो. झोप लागत नाही, लागली तर तीच स्वप्ने पडतात. दार आपटले, फटाका वाजला की शरीर क्षणात सावध होते. अशा माणसाला घरात कुठे बसायला आवडते ते पाहावे. पाठ भिंतीला आणि नजर दाराकडे, अशीच जागा तो निवडतो. त्याला हसू नये. आराखड्यातच अशी जागा ठेवावी. झोपायची खोली रस्त्यापासून आणि जिन्यापासून दूर, बोळ उजेडाचा, कोपरे आंधळे नसलेले, आणि खिडकीबाहेर शक्य तर झाड.

झाडाचा मुद्दा हौसेचा नाही. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास फक्त ४६ रुग्णांचा होता, पण त्यानंतर रुग्णालयांच्या रचनेचा विचार बदलला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. निवृत्त झालेले अनेक जण सुरक्षारक्षकाची नोकरी करतात. परवान्याची बंदूक घरात असते. मन खचलेल्या काळात हाताशी असलेले हत्यार घात करते. बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या, कुलूपबंद कपाटांत ठेवावीत आणि अशा काळात किल्ली दुसऱ्या विश्वासू माणसाकडे असावी. मनाच्या त्रासासाठी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी चोवीस तास विनामूल्य आहे. माणूस मराठीत बोलू शकतो.

वस्ती कशी असावी?

एका घराचे प्रश्न सुटले तरी माणूस एकटा पडू शकतो. पलटणीत पंधरा-वीस वर्षे सतत माणसांत राहिलेल्याला निवृत्तीनंतरची शांतता खायला उठते. म्हणून वस्तीचा विचार हवा, आणि तिथे अमेरिकेचा अनुभव शिकवणारा आहे.

तिथे माजी सैनिकांचे बेघर होणे ही मोठी समस्या. पूर्वीची रीत अशी: आधी दारू सोडा, उपचार घ्या, मग घर मिळेल. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेंबेरिस यांनी क्रम उलटा केला: आधी घर, मग त्याच्या जोडीला उपचार. ज्याला रात्री झोपायचे कुठे हे माहीत नाही, तो गोळ्या वेळेवर कशा घेणार, हा साधा प्रश्न त्यामागे होता. पुढे तिथल्या माजी सैनिक विभागाने हे धोरण स्वीकारले. भाड्यासाठी मदत आणि समाजसेवक-आरोग्यसेवक यांची साथ एकत्र दिली. २०१० मध्ये एका रात्रीच्या गणनेत ७४,०८७ माजी सैनिक बेघर आढळले होते. २०२४ मध्ये हा आकडा ३२,८८२ वर आला.

आपली परिस्थिती वेगळी आहे. आपल्याकडे जवानाला पेन्शन असते, गावाकडे बहुधा वडिलोपार्जित घर असते. डोक्यावर छप्पर असते, पण ते त्याच्या शरीराला जुळणारे नसते. शिवाय पेन्शनपात्र सेवा पूर्ण न झालेले, भाड्याने राहणारे, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेले, आणि सर्वांत नाजूक स्थितीत असलेल्या वीरपत्नी यांचा प्रश्न छपराचाही आहे. १९७८ पासून ‘आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन’ ही संस्था ना नफा ना तोटा तत्त्वावर घरे बांधते. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत, २००३ पासून ‘ईसीएचएस’ची आरोग्यसेवा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुलभ वास्तूंचा आग्रह धरला आहे. दुवे आहेत, ते घराच्या आराखड्यात एकत्र यायला हवेत.

स्वस्त वस्ती म्हणजे दूरची वस्ती, असे समीकरण होऊन बसले आहे. शहराबाहेर माळावर जमीन स्वस्त मिळते म्हणून घरे बांधली आणि पॉलिक्लिनिकला जायला दोन बस बदलाव्या लागल्या, तर वाचलेले पैसे रिक्षात जातात आणि चुकलेल्या तपासण्यांची किंमत शरीर देते. जागा निवडताना दवाखाना, शाळा, बाजार आणि बसथांबा किती पावलांवर आहे, हे किमतीइतकेच तपासावे.

खर्च वाचवायच्या जागा वेगळ्या आहेत. दार ६० ऐवजी ९० सेंटिमीटरचे करायला बांधतानाच सांगितले तर फारसा खर्च वाढत नाही. भिंत फोडून करायचे तर वाढतो. आपल्याकडे संडास आणि बाथरूम शेजारी-शेजारी, दोन्ही चिमुकली, मध्ये चार इंची भिंत. बांधतानाच त्या मधल्या भिंतीत पाण्याचा पाइप किंवा वायर घालायची नाही, एवढे ठरवले तर गरज पडेल त्या दिवशी ती भिंत काढून एक प्रशस्त, व्हीलचेअर फिरेल अशी बाथरूम मिळते. आज एक रुपया जास्त न घालता उद्याची सोय होते. इमारत मजल्यांची असेल तर तळमजल्यावरची घरे अपंग आणि ज्येष्ठ रहिवाशांसाठी राखून ठेवावीत, आणि लिफ्टची जागा लिफ्ट आज परवडत नसली तरी सोडून ठेवावी.

मोकळी जागा प्रत्येक घराला थोडी-थोडी वाटण्यापेक्षा एकत्र ठेवावी: चालायला सपाट वाट, दर चाळीस-पन्नास पावलांवर बसायला कट्टा, एक छोटे सभागृह, हातकामाची जागा, भौतिकोपचारासाठी एक खोली. कट्टा ही आपली जुनी संस्था आहे. संध्याकाळी तिथे एखादा सुभेदार दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या दारावर थाप मारते. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी याहून चांगली देखरेख नाही.

वस्ती फक्त माजी सैनिकांची असावी का? समान आयुष्य जगलेल्यांची सोबत मोलाची असते, पण भिंत घालून वेगळी केलेली वसाहत मुलांना आणि बायकांना गावापासून तोडते. माजी सैनिकांची घरे गावाच्या किंवा शहराच्या पोटातच, शेजारीपाजारी ठेवून, एकमेकांच्या जवळ असावीत. आणि घराचा हक्क सैनिकाबरोबर संपू नये. पती गेल्यावर घर सोडावे लागेल ही टांगती तलवार असेल, तर त्या घरातल्या बाईचा रक्तदाब कुठल्याही गोळीने आटोक्यात राहणार नाही. कागदावर दोघांची नावे असणे हाही आराखड्याचाच भाग.

आज रात्री करता येईल असे

नव्या वस्त्या उभ्या राहायला वर्षे लागतात. घरातला माणूस मात्र उद्या सकाळीच संडासाला जाणार आहे. म्हणून ज्यांच्या घरी माजी सैनिक आहेत, खरे तर ज्यांच्या घरी साठीपुढचे कुणीही आहे, त्यांनी टेप घेऊन चार गोष्टी मोजाव्यात: बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी, पलंगाची उंची, कमोडची उंची आणि दारापुढच्या पायऱ्यांची एकूण उंची. ही चार मापे एका कागदावर लिहून तो कागद औषधांच्या फाइलमध्ये ठेवावा. पुढच्या वेळी डॉक्टर किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ ‘घरी कसे चालले आहे?’ असे विचारतील, तेव्हा तो पुढे करावा.

मग आधाराची एक दांडी, रात्रीचा एक दिवा, ओल्या फरशीवर घसरणार नाही असा एक पट्टा यांपासून सुरुवात करता येते. दार रुंद करायला गवंडी एक-दोन दिवसांसाठी बोलवावा लागेल, थोडी धूळ होईल, थोडा खर्च होईल. त्यानंतर चाके उंबरठ्याशी थांबणार नाहीत. रात्री दोन वाजता तहान लागली, तर त्या घरातला माणूस निर्धास्तपणे पाणी पिईल.